हाताचा कल कसा तपासायचा: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

‘तुम्ही उजवे की डावखुरे?’ या प्रश्नाचं उत्तर माणूस क्षणात देतो, आणि देताना त्याच्या डोळ्यांपुढे फक्त पेन असतं. पण दात घासणारा, चेंडू फेकणारा आणि कात्री चालवणारा हातही तोच असेल याची खात्री नाही. सचिन तेंडुलकर फलंदाजी आणि गोलंदाजी उजव्या हाताने करायचा, सही मात्र डाव्या हाताने करतो. राफाएल नदाल आयुष्यभर डाव्या हाताने टेनिस खेळला, लिहितो उजव्याने. या दोघांच्या नावापुढे एकच शब्द लिहायचा झाला तर कुठला लिहाल?

मानसशास्त्राचे विद्यार्थी, फिजिओथेरपी किंवा ऑक्युपेशनल थेरपी शिकणारे, लहान मुलांचे शिक्षक अशा कुणालाही कधी ना कधी समोरच्या माणसाच्या हाताचा कल नोंदवावा लागतो. काम सोपं आहे, साधनं जवळजवळ लागतच नाहीत, पण घाईत केलं तर हाती येणारा कागद निरुपयोगी ठरतो. माझं मत आधीच सांगतो: ‘कुठला हात’ यापेक्षा ‘किती पक्का’ हे कळणं जास्त मोलाचं आहे, आणि ते एकेका कामाबद्दल वेगळं विचारल्याशिवाय कळत नाही.

पायरी १: कशासाठी तपासताय?

यावर पुढचं सगळं ठरतं. मेंदूच्या अभ्यासात हाताचा कल विचारतात, कारण भाषेचं काम मेंदूच्या कुठल्या अर्ध्या भागात चालतं याचा हाताशी संबंध आहे. उजव्या हाताच्या सुमारे ९५ टक्के लोकांत ते मुख्यतः डाव्या अर्ध्यात चालतं, डावखुऱ्यांत हे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांवर येतं. म्हणजे डावखुऱ्यांतसुद्धा बहुसंख्यांचं भाषेचं काम डावीकडेच असतं. ‘डावखुऱ्यांचा मेंदू उलटा’ ही समजूत चूक आहे. अशा अभ्यासासाठी पूर्ण यादी आणि नेमका आकडा लागतो.

पक्षाघातानंतरच्या किंवा हाताच्या दुखापतीनंतरच्या उपचारात मात्र आकड्याला फारसा अर्थ नाही. तिथे आधी कुठलं काम कुठल्या हाताने होत होतं, एवढं कामागणिक हवं. आणि वर्गातल्या मुलासाठी तपासत असाल तर प्रश्नावली बाजूला ठेवा, नुसतं बघा. त्याबद्दल पुढे.

पायरी २: कामांची यादी

नवी यादी स्वतः बनवायची हौस सुरुवातीला आवरा. मानसशास्त्रज्ञ आर. सी. ओल्डफिल्ड यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेली एडिंबरा प्रश्नावली आजही सर्वाधिक वापरली जाते. त्यांनी वीस कामांपासून सुरुवात केली, अकराशेहून अधिक विद्यार्थ्यांची उत्तरं तपासली आणि यादी दहावर आणली: लिहिणं, चित्र काढणं, फेकणं, कात्री, टूथब्रश, सुरी (काट्याशिवाय वापरताना), चमचा, लांब दांड्याचा झाडू, आगपेटीवर काडी ओढणं आणि डब्याचं झाकण उघडणं.

यात तीन ठिकाणी नवखे अडखळतात. झाडूच्या प्रश्नात विचारायचं असतं की दांड्यावर *वरचा* हात कुठला. एका हाताने मारायच्या आखूड झाडूला हा प्रश्न लागूच होत नाही, तिथे ‘झाडू कुठल्या हातात धरता’ असं विचारा आणि तसं बदलल्याची नोंद करा. काडीच्या प्रश्नात काडी धरणारा हात हवा, पेटी धरणारा नव्हे. आणि झाकणाच्या प्रश्नात झाकण उघडणारा हात; डबा आवळून धरणारा दुसरा.

थोडक्यात, दोन्ही हात गुंतलेल्या प्रत्येक कामात आधी ठरवायचं की कुठला हात *धरतो* आणि कुठला *चालतो*. मानसशास्त्रज्ञ मेरियन अॅनेट यांच्या १९७० च्या प्रश्नावलीत सुईत दोरा ओवण्याचा प्रश्न आहे, तो यासाठी नमुनेदार. काही जण सुई स्थिर धरून दोरा पुढे नेतात, काही दोरा स्थिर धरून सुई त्यावर आणतात. ‘सुई कुठल्या हातात?’ असं विचारलं तर एकाच सवयीच्या दोन माणसांची उत्तरं उलटी येतील. ‘कुठला हात हलतो?’ असं विचारलं की गोंधळ संपतो.

अॅनेट यांच्या यादीत हातोडा, रॅकेट, फावडं आणि पत्ते वाटणं हीही कामं आहेत. त्यांतला हातोडा मला विशेष आवडतो. तो शिकवताना ‘या हातात धर’ असं सहसा कुणी सांगत नाही, आणि चुकीच्या हातात धरला तर बोटाला लगेच कळतं.

फलंदाजीचा प्रश्न यादीत घालू नका. बॅट दोन्ही हातांनी धरतात, आणि ‘उजव्या हाताचा’ फलंदाज उभा राहतो तेव्हा दांड्यावर वरचा हात डावा असतो. त्याला उजवा म्हणायचं ते उभं राहण्याच्या बाजूवरून. चेंडू फेकणं मात्र अवश्य ठेवा.

ओल्डफिल्ड यांच्या यादीवर नंतर बरीच चिरफाड झाली. झाडू आणि झाकण हे दोन प्रश्न बाकीच्यांशी नीट जुळत नाहीत, आणि लिहिणं व चित्र काढणं हे जवळजवळ एकच काम दोनदा मोजल्यासारखं होतं, असं दिसून आलं. २०१४ साली आलेल्या छोट्या आवृत्तीत म्हणून चारच कामं आहेत: लिहिणं, फेकणं, टूथब्रश, चमचा. वेळ कमी असेल तर हे चार प्रश्न पुरे. आधीच्या जुन्या अभ्यासांशी तुलना करायची असेल तर दहाची यादी.

मोबाइलचं काय, असं हमखास विचारलं जातं. दोन अंगठ्यांनी टाइप करणाऱ्याबद्दल त्यातून काही कळत नाही, आणि फोन कानाला लावायचा हात अनेकदा ‘लिहायला दुसरा मोकळा राहावा’ म्हणून निवडलेला असतो. माऊसही तसाच: टेबलावर तो बहुतेक वेळा उजवीकडेच ठेवलेला असतो, डावखुरा माणूस कंटाळून तोच वापरायला शिकतो.

पायरी ३: विचारायचं कसं

समोरच्याला ‘तुम्ही डावखुरे आहात का?’ असं आधी विचारू नका. एकदा त्याने स्वतःवर शिक्का मारून घेतला की पुढची सगळी उत्तरं त्या शिक्क्याला जुळवून येतात. सरळ पहिल्या कामापासून सुरू करा.

एडिंबरा प्रश्नावलीत प्रत्येक कामापुढे ‘डावा’ आणि ‘उजवा’ असे दोन रकाने असतात. नेहमीच्या हाताच्या रकान्यात एक अधिक चिन्ह. सक्ती झाल्याशिवाय दुसरा हात वापरायचा विचारही येणार नाही इतकी सवय पक्की असेल तर दोन अधिक चिन्हं. खरोखरच कुठलाही हात चालत असेल तर दोन्ही रकान्यांत एकेक. ते काम कधी केलेलंच नसेल तर जागा रिकामी.

बहुतेक गडबड एका आणि दोन चिन्हांच्या सीमेवर होते. काही माणसं स्वभावानेच सावध असतात, त्यांना ‘कधीच नाही’ म्हणणं जड जातं, म्हणून ती सगळीकडे एकच चिन्ह टाकतात. काही सगळीकडे दोन टाकून मोकळी होतात. अशा वेळी मी एक ठोस प्रसंग पुढे ठेवतो: ‘उजव्या हातात पिशवी आहे आणि दात घासायचेत. पिशवी खाली ठेवाल, की डाव्या हातात ब्रश घ्याल?’ पिशवी खाली ठेवणाऱ्याची दोन चिन्हं पक्की. ही गोंधळाची जागा टाळायची असेल तर ‘नेहमी डावा, बहुधा डावा, दोन्ही सारखे, बहुधा उजवा, नेहमी उजवा’ अशी पाच पर्यायांची पद्धत घ्या. छोट्या आवृत्तीत तीच आहे आणि लोकांना ती पटकन कळते.

उत्तर देताना माणूस हवेत हात हलवून बघतो का, तेही पाहा. बघत असेल तर चांगलंच, त्याला तसं करू द्या. कात्री कुठल्या हाताने धरतो हे शब्दांत अनेकांना आठवत नाही, बोटांना आठवतं.

पायरी ४: हात बघा

प्रश्नावली म्हणजे माणसाचं स्वतःबद्दलचं म्हणणं. ते बहुतेकदा खरं असतं, पण शक्य असेल तिथे चार वस्तू टेबलावर ठेवून प्रत्यक्ष बघा. एक कात्री आणि कागद, एक चमचा, एक मऊ चेंडू, झाकणाची एक बाटली. एवढं पुरतं.

वस्तू नेहमी माणसाच्या बरोबर मध्यरेषेसमोर ठेवा. उजवीकडे ठेवलेला चमचा उजव्या हाताने उचलला गेला तर त्यातून फक्त तो जवळ होता एवढंच कळतं. वस्तू स्वतःच्या हाताने पुढे करू नका, कारण तुमचा हात ज्या बाजूने येईल त्या बाजूचा हात पुढे येतो. माणसाच्या एका बाजूला भिंत किंवा खुर्चीचा हात लागत नाही ना, तेही बघा. दोन्ही हात आधी मांडीवर किंवा टेबलावर समान अंतरावर असावेत. एकेक कृती सलग न करवता मध्ये दुसरं काम घालून दोनतीनदा करवा, नाहीतर पहिल्यांदा जो हात गेला तोच पुढे आपोआप जात राहतो.

कात्रीबद्दल एक सावधगिरी. साधी कात्री उजव्या हातासाठी घडवलेली असते. पाती अशी बसवलेली असतात की उजव्या हाताची पकड त्यांना एकमेकींवर दाबते. डाव्या हातात तीच पकड पाती फाकवते आणि कागद कापला न जाता मध्येच दुमडतो. त्यामुळे कितीतरी डावखुरे लोक निमूट उजव्या हाताने कापायला शिकतात. डाव्या हाताची कात्री मिळाली तर दोन्ही ठेवा. नसेल तर कात्रीच्या उत्तराला कमी वजन द्या.

पूर्वसूचना न देता बघता आलं तर आणखी उत्तम. फॉर्मवर सही करणं, बाटलीचं झाकण उघडणं, खुर्ची ओढणं, खाली पडलेलं पेन उचलणं. ‘आता तुमचा हात बघतोय’ असं सांगितलं की माणूस हाताचा विचार करू लागतो, आणि विचार केलेला हात सवयीचा राहत नाही.

पायरी ५: आकडा

सूत्र शाळकरी आहे. उजव्या रकान्यातली चिन्हं मोजा, डाव्यातली मोजा. उजव्यातून डावी वजा करा, त्याला दोन्हींच्या बेरजेने भागा, शंभराने गुणा. उत्तर −१०० (पूर्ण डावा) ते +१०० (पूर्ण उजवा) यांच्या दरम्यान येतं.

समजा, एक व्यक्ती लिहिणं, चित्र आणि चमचा यांना उजव्या रकान्यात दोन-दोन चिन्हं देते. कात्री आणि काडीला उजवीकडे एकेक. टूथब्रशला डावीकडे दोन. फेकणं आणि झाडूला डावीकडे एकेक. सुरी आणि झाकणाला दोन्हीकडे एकेक. उजव्या रकान्याची बेरीज १०, डाव्याची ६. फरक ४, एकूण १६, म्हणजे +२५. आता हीच व्यक्ती छोट्या आवृत्तीत घ्या. तिथे ‘नेहमी उजवा’ला १००, ‘बहुधा उजवा’ला ५०, ‘दोन्ही’ला ०, ‘बहुधा डावा’ला −५० आणि ‘नेहमी डावा’ला −१०० देऊन सरासरी काढतात. लिहिणं १००, फेकणं −५०, टूथब्रश −१००, चमचा १००. सरासरी १२.५. या आवृत्तीत −६० ते +६० म्हणजे मिश्र कल, त्यापलीकडे डावा किंवा उजवा. तेव्हा ही व्यक्ती स्पष्ट मिश्र. तिला तोंडी विचारलं असतं तर ‘उजवी’ असं उत्तर मिळालं असतं, कारण लिहिते उजव्याने.

मर्यादा कुठे घालायची यावर एकमत नाही. दहाच्या यादीत कुणी शून्यावर रेघ मारतं, कुणी ४० वर, कुणी ६० वर. याचा परिणाम किती होतो ते २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात दिसतं. जवळजवळ २४ लाख लोकांच्या माहितीवरून डावखुऱ्यांचं प्रमाण १०.६ टक्के निघालं, पण निकष कडक ठेवले तर ९.३ आणि सैल ठेवले तर १८.१. रेघ सरकली की प्रमाणही सरकतं. म्हणून कुठली रेघ वापरली हे तपासणीआधी ठरवा आणि लिहून ठेवा. आकडे बघून मग रेघ मारणं हा शुद्ध फसवणुकीचा प्रकार आहे.

एक गोष्ट आकडे जमायला लागले की लक्षात येईल. उजव्या हाताचे लोक +१०० च्या आसपास गर्दी करतात. डावखुरे तसे −१०० पाशी गोळा होत नाहीत, ते पसरलेले असतात. त्यांच्या कलात सरमिसळ जास्त असते, त्यात आश्चर्य वाटायचं कारण नाही.

पायरी ६: शिकवलेला हात वेगळा काढा

अनेक समाजांत लिहिण्याचा आणि जेवण्याचा हात मुलांना वळण म्हणून लावला जातो. त्यामुळे नेमकी लिहिणं आणि चमचा ही दोन उत्तरं शिकवणुकीने झाकलेली असू शकतात. वरच्या उदाहरणातली व्यक्ती बघा: शिकवलेल्या कामांत उजवी, आणि ज्यात कुणी लक्ष घालत नाही त्या फेकण्यात आणि दात घासण्यात डावी. असा साचा दिसला की विचारा, ‘लहानपणी कुणी हात बदलायला लावला होता का?’ प्रश्न सहज विचारा. काहींच्या आठवणी त्याबाबत फारशा गोड नसतात. वयस्कर व्यक्तींना तर हे विचारायला विसरूच नका.

त्याबरोबर दुखापतीचं विचारा. हात मोडला होता का, खांदा दुखतो का, संधिवात आहे का, कुठल्या कामात हात बदलला, कधी? दुखण्यामुळे बदललेला हात म्हणजे कल नव्हे. आणि कुठलंही कारण नसताना एखाद्या प्रौढ माणसाने अलीकडे एकाएकी हात बदलला असेल, एक हात बोजड वाटत असेल, तर प्रश्नावली मिटा आणि त्याला ताबडतोब डॉक्टरकडे पाठवा.

कल आणि कौशल्य

कल म्हणजे कुठला हात पुढे येतो. कौशल्य म्हणजे कुठला हात जास्त चांगलं करतो. बहुतेकांत दोन्ही एकाच बाजूला असतात, पण मोजल्यावर चित्र वेगळं दिसतं. कलाचे आकडे टोकांकडे झुकतात, उजव्या टोकाकडे जास्तच. दोन्ही हातांच्या कौशल्यातला फरक मात्र साधारण घंटेच्या आकारात पसरतो, फक्त ती घंटा थोडी उजवीकडे सरकलेली असते. अॅनेट यांनी खुंट्या एका ओळीतल्या छिद्रांतून दुसऱ्या ओळीत हलवायला लावून हे मोजलं.

घरगुती साधनांत सर्वांत सोपी चाचणी म्हणजे कागदावर लहान वर्तुळांच्या रांगा छापून २० सेकंदांत प्रत्येक वर्तुळात एकेक टिंब द्यायला लावणं. दोन्ही हातांनी आळीपाळीने दोनदोनदा. वर्तुळाबाहेर पडलेलं टिंब धरायचं नाही. पुढे तेच सूत्र: उजवी वजा डावी, भागिले बेरीज. मुठीची ताकद मोजून कल ठरवायला जाऊ नका. कष्टाची कामं दुसऱ्या हाताने करणाऱ्या माणसात ताकद तिकडे गेलेली असते.

पाय आणि डोळा हवे असतील तर दोन मिनिटांत होतात. चेंडू मध्यरेषेवर ठेवून लाथ मारायला सांगा. कागदाला छोटं भोक पाडून दोन्ही हातांनी लांब धरून त्यातून एखादी दूरची वस्तू बघायला सांगा, मग एकेक डोळा झाका. जो झाकल्यावर वस्तू दिसेनाशी होते, तो प्रमुख डोळा. हे निकाल हाताच्या आकड्यात मिसळू नका. उजव्या हाताच्या साधारण तिघांतल्या एकाचा प्रमुख डोळा डावा निघतो, त्यात काही बिघाड नाही.

लहान मुलं

चार-पाच वर्षांखालच्या मुलाला प्रश्नावली देण्यात अर्थ नाही. त्याचा हात अजून पुढेमागे होत असतो, आणि शाळेच्या वयापर्यंत तो बहुतेकांचा बऱ्यापैकी ठरतो. खेळताना बघा: चित्र रंगवणं, ठोकळे रचणं, चेंडू फेकणं, मणी ओवणं. आठवडाभर वेगवेगळ्या वेळी पाहिलेल्या छोट्या नोंदी एका लांबलचक बैठकीपेक्षा कामाच्या.

मुलांसाठी एक सुंदर चाचणी आहे. मुलासमोर अर्धवर्तुळात ३० अंशांच्या अंतरावर सात जागा करायच्या, प्रत्येक जागी चित्रांच्या तीन पत्त्या, आणि एकेक पत्ती नाव घेऊन उचलायला सांगायची. उजव्या कलाचं मूल उजवीकडची पत्ती उजव्या हाताने घेणारच. खरी गंमत डावीकडच्या टोकाला: पक्का कल असलेलं मूल अंग वळवून, मध्यरेषा ओलांडून, तरीही उजवाच हात पुढे करतं. कच्चा कल असलेलं मूल सरळ डाव्या हाताने उचलतं. हात कुठल्या जागेपासून बदलतो, ते लिहून ठेवा.

आणि बाळाबद्दल एक गंभीर सूचना. वर्षाच्या आतलं बाळ सतत एकच हात वापरत असेल, दुसरी मूठ वळलेली राहत असेल किंवा तो हात पुढे येतच नसेल, तर ‘आमचं बाळ आत्तापासूनच डावखुरं’ म्हणून कौतुक करू नका. त्या वयात ठाम कल नसणं हेच अपेक्षित असतं. दुसऱ्या हातात किंवा त्याला चालवणाऱ्या मेंदूच्या भागात अडचण असण्याची ती खूण असू शकते, म्हणून बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

नोंद कशी लिहायची

‘उजवा’ एवढाच शब्द लिहून मोकळे होऊ नका. तारीख, कुठली प्रश्नावली, कुठली कामं बदलली किंवा गाळली, आकडा, कुठली रेघ वापरली, प्रत्यक्ष काय पाहिलं, हात बदलायला लावल्याचा इतिहास. उदाहरणार्थ: ‘एडिंबरा, दहा कामं, +२५, फेकणं, ब्रश आणि झाडू डाव्या हाताने, लहानपणी लिहिण्याचा हात बदलला असं सांगतात, कात्रीची नोंद साध्या कात्रीवर.’ अडीच ओळी झाल्या, पण उद्या दुसरा कुणी वेगळी रेघ वापरणार असेल तर त्याला या माणसाला पुन्हा बोलवावं लागणार नाही. मूळ कागद, चिन्हांसकट, फाइलला लावून ठेवा. आकडा कागदावरून केव्हाही काढता येतो, आकड्यावरून कागद पुन्हा मिळत नाही.